पागेवरचं हळदीकुंकू

“कुस्ती हा खेळच नव्हे,” नगराध्यक्ष संपतराव भोइटे म्हणाले आणि मी हातातला चहाचा कप बशीत आदळला.

“मग काय आहे?”

“परंपरा आहे, बाई. आपल्या मातीची परंपरा. तिला भाडं लावून कसं चालंल?”

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम हलल्या. मालमत्ता विभागाचे गुंजाळ कारकून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी ‘कुस्ती, माफ’ असं लिहून घेतलं.

आम्ही पागेच्या मैदानाचं भाडं ठरवायला जमलो होतो. पागा म्हणजे आमच्या गावातलं एकुलतं एक मोकळं मैदान. कधीकाळी कुणा सरदाराचे घोडे तिथे बांधत, म्हणून पागा. त्या वर्षी लेखापरीक्षकाने शेरा मारला की एवढी मोठी जागा आणि उत्पन्न काहीच नाही. भाडं लावा, नाहीतर कुंपणाचं अनुदान विसरा. म्हणून समिती नेमली गेली. समितीत एक क्रीडातज्ज्ञ असावा अशी अट होती आणि तो मान घ्यायला गावात दुसरं कुणी रिकामं नव्हतं. म्हणून मी. प्रभावती कर्णे, कन्याशाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, लग्न न केलेली आणि गावाच्या मते डोक्याने गरम. गावाच्या या मताबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडलं होतं. मैदान खेळायला आहे, तेव्हा खेळणाऱ्यांना ते मोकळं ठेवा. जे मंडप ठोकतात, खड्डे खणतात, जेवणावळी उठवतात आणि पत्रावळ्या टाकून चालते होतात, त्यांच्याकडून भाडं घ्या. “वा, बाई, मुद्द्याचं बोललात,” असं सगळे म्हणाले. आणि त्यानंतर एकेकाने आपापला माणूस भाड्यातून सोडवायला सुरुवात केली.

“वाढदिवसाची क्रिकेट स्पर्धा?” गुंजाळांनी विचारलं. वाढदिवस अर्थात भोइट्यांचाच.

“सामाजिक उपक्रम,” एक नगरसेवक म्हणाले.

“मोटारसायकल बक्षीस लावता, आठ दिवस कर्णे वाजवता, आणि सामाजिक?” मी म्हटलं.

“अख्खं गाव येतं की बघायला. मग सामाजिकच झालं.”

पहाटे हसायला जमणारे म्हातारे आरोग्यात गेले. नवरात्रातले कबड्डीचे सामने धार्मिक ठरले. पक्षाच्या सभा म्हणजे लोकशिक्षण. लग्नं राहिली होती, तर कुणीतरी म्हणालं की कन्यादान हे पुण्यकर्म आहे, त्यावर नगरपरिषदेने पैसे घेऊ नयेत. मी डोक्याला हात लावला.

समितीत पद्मिनीताई जगदाळे या एकट्याच नगरसेविका होत्या. इतका वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, चला, निदान हिला तरी वैताग आलेला दिसतोय. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “महिलांचे पारंपरिक कार्यक्रम घाला त्यात. हळदीकुंकू, मंगळागौर, भोंडला.”

दर वर्षी संक्रांत झाली की पद्मिनीताई पागेवर मोठं हळदीकुंकू करत. स्टीलच्या वाट्या वाटत. वाट्यांवर त्यांचं नाव कोरलेलं असे.

“ताई, आपण मैदानाचं भाडं ठरवतोय की पंचांग लिहितोय?” मी विचारलं.

“चिडताय कशाला, कर्णेबाई? बायकांचंच आहे, राहू द्या,” त्या शांतपणे म्हणाल्या. गुंजाळांनी लिहिलं.

शेवटी भोइट्यांनी घड्याळ पाहिलं. “झालं का समदं? मग भाडं कशाला लावायचं? उत्पन्न दिसलं पायजे, न्हाईतर तो लेखापरीक्षक पुन्ना बोंबलंल. काय राहिलं, गुंजाळ?”

गुंजाळांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “खेळ राहिला, साहेब.”

“मग लावा खेळाला. एका संध्याकाळचे तीनशे.”

“अहो, पण कुठला खेळ राहिलाय आता?” मी उठून उभी राहिले. “कुस्ती परंपरा, क्रिकेट सामाजिक, कबड्डी देवाची. मग राहिलं कोण?”

गुंजाळांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालूनच ते म्हणाले, “तुमचा खो-खो, बाई.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते म्हणजे मी सोडून, पण तसं लिहायची पद्धत नाही म्हणे.

माझं मुलींचं खो-खो मंडळ होतं. शाळेला मैदान नव्हतं; म्हणजे होतं, पण त्यावर संस्थेने दुकानगाळे बांधले होते. त्यामुळे रोज संध्याकाळी आम्ही पागेवर खेळायचो. पोरी भाजीवाल्यांच्या, हमालांच्या, शिंप्यांच्या, एक सोनाराची. त्यांचे बूट आणि स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं माझ्या पगारातून जायचं, आणि पगार केवढासा. त्यात रोजचे तीनशे कुठून आणायचे? रस्त्यावर खेळावं तर पोरी सूर मारणार कशावर, डांबरावर?

आणि त्या वर्षी मंडळात वैजू होती. वैजयंता लोखंडे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हडकुळी, उंच, बोलायला घुमी. पण पाठलागावर उठली की समोरच्या पोरीला पळता भुई थोडी व्हायची. पळता पळता ती अशी काही सूर मारायची की पुढच्या पोरीला पाठीवर हात पडल्यावरच कळायचं. राज्याच्या संघाची निवड रथसप्तमीनंतरच्या रविवारी होती. संघात आली तर पुढे रेल्वेत नाहीतर पोलिसात खेळाडू म्हणून नोकरी मिळण्यासारखी होती. त्यासाठी तिला रोज मैदान हवं होतं, आणि तिच्यासमोर पळणाऱ्या आठ-दहा पोरी हव्या होत्या.

नवीन वर्ष लागलं तसे गुंजाळ पावतीपुस्तक घेऊन पागेवर हजर झाले.

“बाई, मी हुकमाचा ताबेदार. तीनशे द्या, न्हाईतर खेळ थांबवा.”

पलीकडे हास्य मंडळाच्या कुणा सभासदाच्या एकसष्टीचा मंडप चालला होता. माणसं पहारीने खड्डे खणत होती. मी बोट दाखवलं. “आणि ते?”

“ते आरोग्य,” गुंजाळ म्हणाले. त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपरिषदेत जाऊन त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडलं. सवलत मागितली, मुदत मागितली, महिन्याचं एकदम काही कमी करा म्हटलं. शेवटी तेच वैतागले. “बाई, कागदावर खेळ म्हटलं की पैसे आले. त्याला मी तरी काय करू? दुसरं काय म्हणता येत असंल तर म्हणा.”

दुसरं काय म्हणता येईल? मी समोरची माफीची यादी वाचत गेले. परंपरा, समाज, धर्म, आरोग्य, आणि सगळ्यात शेवटी पद्मिनीताईंची ओळ. मला त्या ओळीचा सभेत केवढा राग आला होता!

“एक कोरा कागद द्या,” मी म्हटलं.

मी अर्ज लिहिला. संक्रांत ते रथसप्तमी, रोज संध्याकाळी पाच ते सात, पागा मैदान, हळदीकुंकू. गुंजाळांनी वाचला. पुन्हा वाचला.

“रोज?”

“रोज. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, नाही का? करू द्या की बायकांना.”

“किमान पंचवीस महिला हजर पायजेत. तशी अट हाय. कुनी बघायला आलं तर दिसल्या पायजेत.”

“दिसतील,” मी म्हटलं आणि बाहेर आल्यावर मला घाम फुटला. कारण हळदीकुंकू या प्रकाराशी माझा जन्मात संबंध नव्हता. कुणाकडे बोलावणं आलं तर शाळेचं काम आहे सांगून मी सुटका करून घ्यायची. करंडा कुठल्या बाजूने धरतात तेही मला ठाऊक नव्हतं.

मग पोरींच्या घरोघर आमंत्रणं. शिंपिणी, हमालांच्या बायका, सोनारणीची सासू. “अहो, रोज कसलं हळदीकुंकू?” असं प्रत्येकीने विचारलं आणि प्रत्येकीला सगळी भाड्याची कथा सांगता सांगता माझा घसा बसला. बऱ्याचजणींना भाड्याचं काही कळलं नाही. पण रोज दोन तास घराबाहेर बसायला मिळेल, एवढं बरोबर कळलं. येतो म्हणाल्या.

शेवटी मी एसटी स्टँडच्या दाराशी गेले. तिथे वैजूची आई पारूबाई भाजी विकायची. नवरा जाऊन चारपाच वर्षं झाली होती. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता तिने माझं ऐकून घेतलं.

“मला कशाला बोलावता, बाई? हळदीकुंकवाला मला कोन बोलावतंय?”

“मी बोलावतेय.”

“तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?”

“पारूबाई, अर्जात ‘महिला’ असं लिहिलंय. सुवासिनी असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही महिला आहात ना? मग या. मला पंचवीस डोकी दाखवायची आहेत.”

हे मी काही मोठ्या मनाने म्हटलं नव्हतं. मला खरंच डोकी मोजायची होती. पण ती पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

“येते,” ती म्हणाली. “पन एक सांगून ठिवते. रथसप्तमी झाली की वैजूचा खेळ बंद. फलटनकडचं स्थळ आलंय. पावनं चांगलं हायत, घोड्यावानी पळनारी पोर नको म्हन्त्यात.”

“निवड त्यानंतरच्या रविवारी आहे हो!”

“म्हनूनच सांगितलं.”

“तुम्ही तिला खेळताना कधी पाहिलंय का?”

“संध्याकाळी धंद्याचा टाइम असतोय, बाई. मी कवा बघू?” तिने जुडी टोपलीत टाकली. तिच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता आणि गिऱ्हाईकं तिच्याशी बोलू देत नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी पाच वाजता पागेवर सतरंज्या अंथरल्या, पाट मांडला, त्यावर शिंपिणीने आणलेला करंडा ठेवला. तिकडे पोरींनी खांब रोवले. बायका नटूनथटून आल्या. सोनारणीच्या सासूने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, पोरींनी तिळगूळ वाटला. मग ती सासू माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि वाण?”

वाण माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पिशवीत गेल्या क्रीडादिनासाठी मी आणलेल्या प्लास्टिकच्या गुलाबी शिट्ट्या होत्या. उघडून एकेक वाटत सुटले.

“शिट्टी? वाण म्हणून शिट्टी?”

“स्टीलच्या वाट्या घरी भरपूर असतील,” मी खेकसले. “शिट्टी आहे का एखादीकडे?”

कुणाकडेच नव्हती. घेतल्या त्यांनी.

पारूबाई भाजीची टोपली आवरून उशिरा आली. सतरंजीकडे ती आलीच नाही. मैदानाच्या कडेला जुना दगडी रूळ पडलेला असतो, त्यामागे जाऊन खाली बसली. बायकांनी तिला पाहिलं आणि कुणी तिला हाक मारली नाही. उठवलंही नाही. वैजू तिळगूळ घेऊन तिच्याकडे गेली. मी शिट्टी नेऊन दिली, कारण माझ्या हिशेबात ती पंचविसावी होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधून कनवटीला खोचली.

“या ना पुढे,” मी म्हटलं.

“हितं बरं हाय.”

मला त्या सगळ्या बायकांचा असा राग आला! पण राग काढत बसले असते तर अंधार पडला असता. मी शिट्टी वाजवली आणि डाव सुरू केला.

पहिले काही दिवस बायका आपापसात बोलत होत्या. कुणी मटार सोलायला आणले, कुणी शिवणाचं. हळूहळू त्यांचं लक्ष इकडे वळायला लागलं आणि मग माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. “बाई, ती पोर बसूनच का? तिला बी पळू द्या की.” “बाई, हिला हात लागला की हो, न्हाई लागला?” “अशी मध्येच का उठली ती?” मी पोरींना शिकवू की या पंचवीस जणींना?

एकदा डाव संपल्यावर मी पाणी प्यायला रुळाजवळ गेले, तेव्हा पारूबाईने मला थांबवलं. “बाई, वैजू त्या पोरीच्या मागं लागली व्हती. पोर मागं वळून पळाली. मग वैजू मागं का वळली न्हाई? जवळच तर व्हती.”

“पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही. एकदा दिशा धरली की तीच. तसा नियम आहे.”

“मग?”

“मग बसलेल्या दुसरीला खो द्यायचा. ती उठते आणि पळते.”

पारूबाईने थोडा विचार केला. “म्हंजी आपल्याला मागं फिरता येत नसलं तर दुसरीला उठवायचं.”

“हो.”

“बरं हाय की,” ती म्हणाली आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागली.

पद्मिनीताई चौथ्या-पाचव्या दिवशी आल्या. आपल्या आधी पागेवर हळदीकुंकू कोण करतंय, ते बघायला आल्या होत्या. नाक मुरडून खुर्चीवर बसल्या आणि वैजूने खांबाजवळ सूर मारून गडी बाद केला तेव्हा खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. “अगं बाई, पडली की काय ती!” पडली नाही म्हटल्यावर खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्यांनाही शिट्टी दिली.

मग व्हायचं तेच झालं. भोइट्यांच्या मंडळाला क्रिकेटच्या सरावासाठी संध्याकाळची पागा हवी होती. भोइटे स्वतःच आले, मागे गुंजाळ.

“बाई, हे हळदीकुंकू हाय?”

“आहे की. करंडा तिथे आहे, तिळगूळ घ्या.”

“मग त्या पोरी का पळत्यात?”

“हळदीकुंकवाला बायका झिम्मा खेळतात, फुगड्या घालतात. आम्ही खो-खो खेळतो. परंपरा आहे,” मी म्हटलं. “आपल्या मातीची.”

भोइट्यांचा चेहरा लाल झाला. “बाई, मला येडा समजू नका.”

खुर्चीवरून पद्मिनीताई म्हणाल्या, “अध्यक्ष, बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांनी असं ताटकळत राहणं बरं दिसत नाही.” आणि कुठल्याशा टवाळ बाईने शिट्टी फुंकली. पाठोपाठ दहा वाजल्या. गुंजाळ केव्हाच फाटकापर्यंत पोहोचले होते.

“रथसप्तमीपर्यंत,” जाता जाता भोइटे म्हणाले. “नंतर तुमचं हळदीकुंकू कुठल्या पंचांगात बसतंय ते बघतो. रोज मानूस पाठवीन. तीनशे ठिवायचे, न्हाईतर खांब उपटून नेनार.”

पंचांग त्यांच्या बाजूने होतं. रथसप्तमी आली. त्या संध्याकाळी शेवटचं हळदीकुंकू झालं, बायकांनी एकमेकींना नमस्कार केले, शिंपीण आपला करंडा घेऊन गेली. पारूबाई नेहमीप्रमाणे रुळामागून उठली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. वैजूने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बुटांच्या पिशवीची नाडी ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये तीनशे रुपये टाकले. एका दिवसाचे होते. पुढचं माझ्याच्याने होणार नव्हतं. पोरींना सांगायचं ठरवलं होतं की आजचा दिवस पागेवर खेळून घ्या, रविवारपर्यंत कॅनॉलच्या कडेने नुसतं पळू. वैजू येईल असंही मी धरलं नव्हतं. फाटकापाशी मी स्वतःवर, पंचांगावर, लेखापरीक्षकावर, सगळ्यांवर चरफडत होते.

वैजू खांब रोवत होती.

आणि बायका येत होत्या. नटलेल्या नव्हत्या, घरातल्या साड्यांवर, कुणी मेथी घेऊन, कुणी शिवण घेऊन. करंडा नव्हता, पाट नव्हता, कुणाला आमंत्रण नव्हतं. सतरंज्या त्यांच्या त्यांनीच अंथरल्या होत्या. “आज कशाला आलात?” मी विचारलं, तर सोनारणीची सासू माझ्यावरच डाफरली, “काल त्या शिंप्याच्या पोरीचा डाव अर्धा राहिला होता ना?”

मी सगळ्यांवरून नजर फिरवली. रुळामागे कुणी नव्हतं. पारूबाई सतरंजीवर होती, सगळ्यांच्या पुढे, अगदी रेघेला लागून.

डाव सुरू होतो न होतो तोच गुंजाळ पावतीपुस्तक घेऊन आले. पोरी जागच्या जागी थांबल्या. वैजू पाठलागावर होती, ती तशीच हात पुढे करून उभी राहिली.

“आज कसला कार्यक्रम, बाई?” गुंजाळांनी विचारलं.

माझा हात पर्सकडे गेला.

“कार्यक्रम काल संपला, भाऊ,” पारूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “आज पोरी खेळत्यात. आमी बघतोय.”

“मग पावती फाडावी लागंल. खेळाला भाडं हाय.”

“फाडा की. कुनाच्या नावानं फाडताय? माझ्या नावानं फाडा. पारूबाई लोखंडे, एसटी स्टँड. मग हिच्या नावानं फाडा, मग तिच्या. तुमच्या घरातनं बी आल्यात, त्या बघा तिकडं मटार सोलत्यात. त्यांच्या नावानं बी फाडा.”

गुंजाळांनी तिकडे पाहिलं. खरंच, त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या नवऱ्याकडे न बघता मटार सोलत राहिल्या. पद्मिनीताई खुर्चीवरून म्हणाल्या, “अध्यक्षांना माझं नाव सांगा. म्हणावं, पावती घरी पाठवून द्या.”

गुंजाळांनी पावतीपुस्तक मिटून काखेत मारलं आणि “मी येऊन गेलो म्हणून लिहितो,” असं म्हणत निघाले. खेळाचे तीनशे रुपये हा ठराव आजही नगरपरिषदेत तसाच आहे. तो कुणी रद्द केला नाही, आणि त्याची पावती आजवर कुणी फाडलेली मी ऐकली नाही.

मी पारूबाईजवळ गेले. मला तिला बरंच काही विचारायचं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, “आज पुढे बसलात?”

“हळदीकुंकू व्हतं तवर मागं बसायचं व्हतं,” ती म्हणाली. “आज न्हाई ना. आज कुटं बी बसायला मी मोकळी.”

सोनारणीची सासू मेथी निवडता निवडता थांबली. मग शिंपीण जराशी सरकली आणि तिच्याकडची सतरंजीची दुमडलेली कड नीट केली.

“आन पावन्यांना निरोप धाडलाय,” पारूबाई मैदानाकडे बघत म्हणाली. “पोरगी रिकामी न्हाई म्हनावं. रविवारी निवड हाय.”

वैजू लांब उभी होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती अजून तशीच हात पुढे करून थांबली होती.

“बाई, खेळ का थांबिवलाय? वाजवा की शिट्टी.”

मी गळ्यातली शिट्टी ओठांना लावली. पंचवीस वर्षं वाजवत आले होते, पण त्या वेळी फुंकर काही येईना. पारूबाईने माझ्याकडे पाहिलं, कनवटीची गाठ सोडली, गुलाबी शिट्टी काढली आणि जोरात वाजवली. वैजू पळाली.